मूठ कोणत्या बाजूला

धुराड्याची झडप मी जरा लवकर सरकवली,
ऊब वाया जाऊ नये म्हणून.
आमच्या सारेमा बेटावर त्या वायूला शब्द आहे: विंग.
ना वास, ना रंग.
पोरंसोरं चूल पेटवायच्या आधी तो शब्द शिकतात.
मला साठ वर्षं पाठ होता.

वाइके वाचली.
डोळे शाबूत आहेत, असं इस्पितळात म्हणाले.
तिनं खिडकीबाहेर पाहिलं:
"हिरवं. खरबरीत. हलतंय."
जुनिपरचं झुडूप होतं ते.
त्याच्याच लाकडाच्या लोणी लावायच्या सुऱ्या
मी जन्मभर कोरल्या, तिनं धक्क्यावर विकल्या.
मग माझ्याकडे वळून, "तपकिरी. लोकर."
मी बोललो, तेव्हा कुठे मी झालो.

तार्तूच्या डॉक्टर रॅत्सेपबाई
पाठकोऱ्या कागदावर डोकं काढतात, बटाट्यासारखं.
मागे, मानेच्या वर, जिथे पाहणं उतरतं
तिथून दोन वाटा फुटतात.
एक खालून, कानामागून जाते, विचारत: हे काय आहे?
दुसरी वर, टाळूकडे. तिला नावागावाशी देणंघेणं नाही,
ती हाताला एवढंच सांगते:
इतकं लांब, असं तिरकं, बोटं एवढी उघड.
"खालच्या वाटेवरचा पूल पडलाय," बाई म्हणाल्या.

त्यांनी समोर पेन्सिल धरली.
उभी की आडवी?
वाइके अंदाजानं बोलली, चुकली, ओशाळून हसली.
"बरं, घ्या ती."
आणि हात निघाला.
मनगट वाटेतच वळलं,
बोटं पेन्सिलीच्या बेताचीच उघडली,
मासा पाण्यात वळावा तशी, कुणाला न विचारता.
मी रडलो. बाई वहीत वेळ लिहीत होत्या.

मग, डोळे मिटा, दहा मोजा, आता घ्या.
हात हवेत चाचपडत राहिला.
वरच्या वाटेला मागचं काही ठाऊक नसतं,
दहा आकड्यांमागचंसुद्धा.

दिसतं तसं नसतं, म्हणतात.
हिचं उलटंच: असतं, ते दिसत नाही,
आणि हाताला तरी सापडतं.
फेरीबोटीवर मला वाटलं, चला, निम्मं तरी उरलं.

घरी पोचल्यावर तिनं पाव कापायची सुरी उचलली.
काय सफाई! एक बोट इकडचं तिकडे नाही.
पात्याला धरून.

रक्त थोडंच आलं.
"लाल," ती म्हणाली, "ओलं,"
आणि मग कुठे, "आई गं."

कागदावरच्या बटाट्यात हे नव्हतं.
त्या दोन वाटा आतून बोळाबोळांनी जोडलेल्या असणार,
कुंपणावरून बोलणाऱ्या शेजारणींसारखं त्यांचं चालत असणार:
अगं, सुरी आहे ती, मुठीकडून धर.
आणि वरची खालचीला,
हाताला जड लागतंय बघ, चमचा कसा असेल हा?
आता खालच्या घरात कोणी नाही.
म्हणून ती उठायच्या आत मी घरभर फिरतो,
सुऱ्या, काटे, किटली, करवत,
सगळ्यांच्या मुठी तिच्याकडे वळवून ठेवतो.

परवा तिनं माझी एक जुनी लोणीसुरी घेतली.
डोळ्यांसमोर धरून काही होईना.
मग तिचं बोट हवेत चालू लागलं,
कडेकडेनं, जणू रेषा काढतंय,
एकदा, दोनदा, आणि ती थांबली.
"मूठ जाड ठेवलीयेस हिची.
आपल्या लग्नाआधीची असणार. तेव्हा तुला येत नव्हतं."
हातानं डोळ्यांना सांगितलं.
मी म्हटलं, हो, आणि मान वळवली.

झडपेबद्दल तिनं कधी विचारलं नाही.
रात्री शेगडी ढासळत येते तेव्हा तीच उठते.
हात बरोबर लोखंडी कडीपर्यंत पोचतो,
बोटं कडीएवढीच उघडतात.
मी खाली वाकून निखारे बघतो.
एखादा अजून निळसर फुरफुरत असतो.
"थांब," मी म्हणतो. "अजून नाही."